शटर खाली ओढल्यावर

आमच्या बेळगाव भागातल्या मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बदलीची सवय असते. वार्षिक कॉन्फरन्स भरते, नेमणुका वाचल्या जातात, आणि काही वर्षं आपल्या घरच्या लग्नाला-मयताला उभा राहिलेला माणूस टेम्पोत सामान भरून दुसऱ्या गावी निघतो. निरोपाच्या दिवशी हार-शाल होते, प्रार्थना होते, बायकांचे डोळे भरून येतात आणि पुरुष टेम्पोचे दोर आवळण्यात गुंतलेले असतात. पुढच्या रविवारी नवे पाळकसाहेब उभे राहतात. कोण कुणाचा जावई, कुठलं घर कुठल्या घराशी बोलत नाही, एवढं समजेपर्यंत त्यांचं पहिलं वर्ष सरतं.

या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. तिच्यामागं विचार आहे, तिचे फायदेही मी पाहिलेत. मला सतावतो तो वेगळा प्रश्न. पाळक येतात आणि जातात. मग मंडळीतल्या पुरुषांच्या विश्वासाची वाढ कुणाच्या हाती असते?

बायकांच्या बाबतीत उत्तर पटकन मिळतं. महिला मंडळाची घरोघरची प्रार्थना चालू असते. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, कुणाचा मुलगा परीक्षेत नापास होऊन दोन दिवस जेवला नाही, हे त्यांना ठाऊक असतं. त्या एकमेकींसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जातात. त्याला त्या शिष्यत्व म्हणत नसतील, पण आहे ते तेच.

पुरुषांचं काय? आम्ही डिसेंबरात उगवतो. कॅरलच्या रात्री ढोलकी गळ्यात अडकवून कॅम्पापासून अनगोळपर्यंत घरं घेतो, पहाटेपर्यंत गातो. सुगीच्या सणाला मांडव घालतो, लिलावात भोपळ्याची बोली चढवतो. गुड फ्रायडेला क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी एखाद्यावर बोलायला कुणी सांगितलं तर आठवडाभर तयारी करतो. आणि कमिटीत असतो. छप्पर, कंपाउंडची भिंत, दफनभूमीची जागा, हिशेब, निवडणूक. कमिटीत राबणाऱ्यांना मी कमी लेखणार नाही. पावसाळ्यात उपासनेत डोक्यावर पाणी गळत नाही ते त्यांच्यामुळे, आणि बेळगावचा पावसाळा म्हणजे काय हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. पण एखादा माणूस वीस वर्षं कमिटीत राहू शकतो आणि त्या वीस वर्षांत ‘तुम्ही शेवटची मनापासून प्रार्थना कधी केलीत?’ असं त्याला एकदाही कुणी विचारत नाही, हे भयंकर आहे. मला ते खरंच भयंकर वाटतं.

आमचे पुरुष कोण आहेत हेही सांगायला हवं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीवर जाणारे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन बँकेच्या दारात सिक्युरिटीला उभे राहिलेले. शाळामास्तर, वॉर्डबॉय, कंपाउंडर, कारकून. चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला गेलेले आणि पंधरवड्यानं घरी येणारे. शिकून पुण्याला गेलेली पोरं, जी सणाला येतात आणि मागच्या बाकावर मोबाईल हातात धरून बसतात. ही माणसं वाईट नाहीत. कष्टाळू आहेत, देवाला मानतात, पोरांना रविवारच्या शाळेत न चुकता पाठवतात. फक्त बोलत नाहीत. एखाद्यावर सहा लाखांचं कर्ज झालेलं असतं आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला ते वसुलीवाले दारात आल्यावर कळतं. एखादा रात्री प्याल्याशिवाय झोपू शकत नाही. हे त्याच्या बायकोला माहीत, आईला माहीत, आणि प्रभुभोजनाला त्याच्याशेजारी गुडघे टेकणाऱ्याला माहीत नाही.

आता मेथडिस्ट म्हणवणाऱ्या आम्हा लोकांच्याच घरातली एक गोष्ट. १५ फेब्रुवारी १७४२. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमधल्या प्रार्थनाघराच्या बांधकामाचं कर्ज डोक्यावर होतं आणि ते फेडायचं कसं, यावर मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली आणि त्याची माणसं बसली होती. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, कित्येक जण इतके गरीब आहेत की त्यांना तेही झेपणार नाही. त्यावर त्याचं उत्तर असं : सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. त्यांनी दिलं तर उत्तम. नाही दिलं तर त्यांचंही मी भरीन.

असे बारा-बारांचे गट पडले. प्रत्येक गटाचा एक पुढारी आठवड्याला घरोघर पेनी गोळा करत फिरू लागला. आणि गेलेल्या माणसांना घरं दिसली. एक जण बायकोशी भांडताना सापडला, दुसरा प्यालेला. पुढाऱ्यांनी हे वेस्लीला येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतके दिवस आपण जे शोधत होतो ते हेच. पैसे मागं पडले. घरोघर फिरण्यात वेळ फार जाई, काही घरांत मालक किंवा नातलग मोकळं बोलू देत नसत, म्हणून मग गट एका जागी बसू लागला. पुढारी पाळक नव्हते. व्यापारी, कारागीर, आणि बायकाही होत्या. घोड्यावरून गावोगाव फिरणारा उपदेशक आज इथं, महिन्यानं दुसरीकडे. रोजची माणसं सांभाळली ती या पुढाऱ्यांनी.

म्हणजे बदली होणारे पाळक आणि जागेवर राहणारे साधे विश्वासी, ही जोडी पहिल्यापासून ठरलेली होती. बदली आम्ही ठेवली. गट कुठं गेला?

मला यात आपली भिशी दिसते. बेळगावच्या गल्लीगल्लीत पुरुषांची भिशी चालते. दहा-वीस जण, ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम, आणि एकही जण चुकवत नाही, कारण चुकवलं तर दुसऱ्याचं अडतं. जो माणूस रविवारी उपासनेला उशिरा येतो तोच भिशीला दहा मिनिटं आधी हजर असतो. म्हणजे पुरुषांना नेम पाळता येत नाही ही तक्रार खोटी आहे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे दिसलं की आपला पुरुष येतो. मंडळीत त्याच्यावाचून काही अडत नाही, असं आपणच त्याला वर्षानुवर्षं शिकवलंय : बसा, ऐका, दानपेटीत टाका, जा.

मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, येशू बारा जणांना नेमतो. कशासाठी, ते मार्क दोन-तीन गोष्टींत सांगतो : उपदेशाला पाठवावं म्हणून, भुतं काढायचा अधिकार द्यावा म्हणून. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते. त्यांनी त्याच्याबरोबर असावं म्हणून. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय, तरी त्यातला क्रम मला फार उशिरा दिसला. तो त्यांच्याबरोबर जेवला, नावेत झोपला, कुणाच्या सासूचा ताप उतरवायला त्यांच्या घरी गेला. डोंगरावरचं प्रवचन त्यांनी ऐकलं ते चालून चालून धुळीनं भरलेल्या पायांनी. शिष्य व्हायचं म्हणजे गुरूच्या सहवासात इतकं राहायचं की त्याचं बोलणं, गप्प बसणं, रागावणं आणि क्षमा करणं आपल्या अंगात उतरतं.

आणि कोणाकोणाला त्यानं एका ताटाभोवती बसवलं! मत्तय जकातदार, म्हणजे रोमी सत्तेच्या व्यवस्थेत पैसे गोळा करणारा. आणि लूक ज्याला जिलोत म्हणतो तो शिमोन. नावातच त्या सत्तेविरुद्धचा आवेश. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ही जोडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १ नोव्हेंबरला आमच्या शहरात काय असतं ते आम्ही १९५६ पासून पाहतोय. एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्यावर काळ्या फिती. मंडळीत दोन्हीकडचे आहेत, आणि दोघंही आपापल्या बाजूनं मनापासून आहेत. शिमोनानं मत्तयाचं मत बदललं की मत्तयानं शिमोनाचं, हे शुभवर्तमान सांगत नाही. दोघं बरोबर चालले एवढं सांगतं. आम्हा काही पुरुषांचा एक लहान गट दर आठवड्याला बसतो. त्यात त्या आठवड्यातही कन्नड बोलणारा भाऊ येतो आणि मराठी बोलणाराही येतो. त्या दिवशी चहा थोडा लवकर मागवतात. माझ्या मते हे लहान काम नाही. बाहेर सभांमधून आणि कोर्टातून जे सुटलेलं नाही ते आम्ही सोडवत नाही; पण एकमेकांच्या आजारी आईसाठी प्रार्थना करणाऱ्या दोघांना उद्या एकमेकांवर दगड उचलता येणार नाही.

गट म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यातल्या एकाचं टिळकवाडीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गुरुवारी रात्री तो शटर अर्धं खाली ओढतो, आणि आम्ही काउंटरच्या मागं वायरच्या गुंडाळ्यांवर, उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसतो. चार-पाच जण. त्याहून जास्त झाले की एक जण आपोआप गप्प बसायला लागतो, हे आम्हाला लवकरच दिसलं. मंडळीच्या हॉलमध्ये बसून पाहिलं होतं. तिथं प्रत्येक जण उभा राहून साक्ष दिल्यासारखा बोलत होता. दुकानात माणूस दुकानातल्यासारखा बोलतो.

आम्ही मार्काचं शुभवर्तमान वाचतो. सोळाच अध्याय, चारांमधलं सगळ्यांत लहान, आणि घडामोडींनी भरलेलं. दिवसभर उभं राहून आलेला माणूसही त्यावर पेंगत नाही. एक अध्याय, मोठ्यानं. आमच्यातले सर्वांत वडीलधारे ते काका. त्यांचं पवित्र शास्त्र (बायबल) देवनागरीतलं, पानं पिवळी, समासात पेन्सिलीनं तारखा घातलेल्या. तिशीतल्या दोघांची शाळा कन्नड माध्यमातली, ते कन्नड शास्त्र आणतात. सर्वांत धाकटा इंग्रजी शाळेतला, तो मोबाईलवर इंग्रजीत वाचतो, आणि मराठी वाचताना अडखळतो म्हणून पूर्वी मंडळीत वाचनाला उभाच राहत नसे. इथं प्रत्येक जण आपल्या लिपीतून वाचतो आणि बोलणं होतं ते बेळगावी मराठीत, ज्यात अर्धं कन्नड तसंही मुरलेलं आहे. तरुण मुलं मराठी उपासनेपासून तुटतात त्याला विश्वासाचा अभाव हे एकच कारण नसतं. कित्येकदा नुसतं वाचता न येण्याची लाज असते. ती लाज काढून टाकायला चार माणसं आणि एक दुकान पुरतं.

वाचून झालं की दोन प्रश्न. येशूनं इथं काय केलं? आणि या आठवड्यात मी काय करणार? दुसऱ्याचं उत्तर करता येण्याजोगं हवं. ‘मी अधिक प्रेम करीन’ हे चालत नाही. ‘थोरल्या भावाला शनिवारी फोन करीन, दोन वर्षं केला नाही’ हे चालतं. पुढच्या गुरुवारी पहिला प्रश्न तोच : केलास काय फोन? नसेल केला तर कुणी रागवत नाही. पण विचारल्यावाचूनही सोडत नाही. आपली माणसं उपदेशानं जितकी बदलत नाहीत तितकी या एका आठवणीनं बदलतात, की गुरुवारी कुणीतरी विचारणार आहे. वेस्लीच्या गटांतला विचारायचा प्रश्न होता आत्म्याचं कसं काय चाललंय, असा. काका तो आपल्या ढंगात विचारतात, ‘आतलं कसं हाय, सांग की.’ आणि मग थांबतात. त्यांची थांबण्याची ताकद मोठी आहे. समोरचा फाउंड्रीतल्या ओव्हरटाइमबद्दल बोलून घेतो, मग पोराच्या फीबद्दल, आणि काका तसेच बसलेले असतात. मग खरं येतं.

एकदा असंच एकाकडून आलं की मोबाईलवरच्या रमीत बायकोचं मंगळसूत्र गेलंय. गहाण, आणि सोडवायची मुदत संपत आलेली. कुणी वचन फेकून मारलं नाही. कुणी ‘असं कसं केलंस’ म्हणालं नाही. दुकानाच्या मालकानं विचारलं, घरी सांगितलंस? नाही. मग ठरलं ते एवढंच की तो त्याच रात्री घरी सांगेल आणि काका दाराबाहेर स्कूटरवर बसून राहतील. गटानं पैसे गोळा करून दिले नाहीत. यावर आमच्यात वाद झाला होता आणि मी न देणाऱ्यांच्या बाजूचा होतो, आजही आहे. पैसे दिले असते तर कर्ज फिटलं असतं आणि खोटं तसंच राहिलं असतं. त्याऐवजी एक जण त्याच्याबरोबर सोनाराकडे गेला, हप्ते ठरवून घेतले, आणि मोबाईलवरचं ते सगळं काढून टाकताना शेजारी बसला. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे. कबुलीनंतर कुणीतरी स्कूटर काढावी लागते, हे त्या वचनात मावलेलंच आहे असं मी समजतो.

त्याच्या बायकोनं पुढं महिला मंडळात काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि ते विचारायचंही नाही. गटातलं बोलणं बाहेर जात नाही. घरी नाही, कमिटीत तर नाहीच. निवडणुकीच्या काळात हा नेम पाळणं सर्वांत अवघड जातं. जो पाळू शकत नाही त्याला आम्ही प्रेमानं पण स्पष्ट सांगतो की, भाऊ, तू काही दिवस येऊ नको. मला हा कठोरपणा गरजेचा वाटतो. एकदा एक गोष्ट फुटली की पुढची दहा वर्षं त्या मंडळीतला एकही पुरुष तोंड उघडणार नाही.

वडीलधाऱ्या पुरुषांना या कामात आणायचं सर्वांत कठीण. तरुण लवकर तयार होतात. त्यांना कुणीतरी विचारावं असं वाटतच असतं. पन्नाशी-साठीचे हात जोडतात. ‘मला काय येतंय शिकवायला? पाळकसाहेबांना बोलवा की.’ कुणी बायबल कॉलेजला गेलेला नसतो, कुणाचा स्वतःचा मुलगा उपासनेला येत नाही म्हणून त्याला अधिकार वाटत नाही. त्यांच्यासाठी मी बर्णबाची गोष्ट काढतो.

बर्णबा हा पहिल्या मंडळीतला, कुप्र म्हणजे सायप्रस बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला दिलेलं हे नाव, माणसाला धीर देणारा म्हणून. शेत विकून पैसे त्यानं प्रेषितांच्या पायांशी ठेवले. मंडळीला छळणारा शौल विश्वासात आला तेव्हा यरुशलेमेत सगळे त्याला भीत होते. त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेला तो यानं. त्याचं लिहिलेलं एकही पत्र नव्या करारात नाही. पुढं शौलाचा पौल झाला आणि दोघं प्रवासाला निघाले. बरोबर नात्यातला योहान मार्क हा तरुण होता. पंफुल्यातल्या पिर्गापर्यंत तो आला आणि तिथून परत घरी गेला. का गेला, सांगितलेलं नाही. आजारी पडला असेल, भ्याला असेल, आईची आठवण आली असेल. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा घेऊ. पौल म्हणाला, अर्ध्यावर सोडून गेलेल्याला घ्यायचं नाही. वाद इतका पेटला की हे दोन थोर पुरुष वेगळे झाले. पौलानं सीलाला घेतलं. बर्णबानं मार्काला घेतलं, नावेत बसवलं आणि आपल्या कुप्रला नेलं. त्यानंतर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बर्णबाचं नाव येत नाही. पुस्तक पौलाच्या मागं जातं.

पण कित्येक वर्षांनंतर कैदेतला पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. मधल्या वर्षांत कुप्रला काय झालं कुणी लिहिलं नाही. मला वाटतं, काही विशेष झालं नसेल. एका पोक्त माणसानं एका पळून आलेल्या पोराबरोबर जेवणं केली असतील, प्रार्थना केल्या असतील, त्याला लहानसहान कामं सांगितली असतील. आणि आम्ही दुकानात दर गुरुवारी जे शुभवर्तमान वाचतो ते मंडळीच्या जुन्या परंपरेप्रमाणं याच मार्काचं. अर्ध्यावरून परत गेलेल्या माणसाचं. हे सांगितलं की साठीतले काका थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मग विचारतात, ‘किती वाजता बसताय?’

हे आपल्या मराठी मंडळीला नवं नाही. आपल्याच गावाकडे पाहावं. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ मध्ये इथं जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथंच झाला. त्यांचं येणं एका रात्रीतलं नव्हतं. वाचत, वाद घालत, मागंपुढं होत ते आले, आणि वाटेत त्यांच्याशी बोलत राहणारी माणसं होती. नारायण वामन टिळकांची पदं आपण दर रविवारी गातो. त्यांच्या अहमदनगरच्या घरात कोण नव्हतं? बालकवी ठोंबरे तिथं राहिले, कविता लिहीत, टिळक-लक्ष्मीबाईंच्या मायेत. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून टिळकांनी दार लावून घेतलं नाही. पुढं १९१७ मध्ये टिळकांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. घर उघडं ठेवणं आणि माणूस जवळ करणं हा आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा कणाच आहे. कार्यक्रमपत्रिका नंतर आल्या.

दोन सावधगिऱ्या मात्र कळकळीनं सांगतो. गट म्हणजे दवाखाना नाही. दारू सोडताना हातपाय थरथरायला लागले, भ्रम झाला, तर प्रार्थना करत घरी ठेवायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. एकदम दारू बंद करणं शरीराला घातक ठरू शकतं. जगण्यातलं मन उडालंय असं कुणी म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी मदतीचा, नंबर आहे, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलता येतं. तो आमच्या दुकानात कॅलेंडरखाली लिहून ठेवलाय. आणि वयात न आलेल्या मुलांबरोबर एकट्या मोठ्या माणसानं बंद खोलीत बसायचं नाही, तो कितीही भला असो. आईबापांना माहीत असलं पाहिजे, दोन मोठी माणसं पाहिजेत, दार उघडं पाहिजे. यावर कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्यावं.

आणखी एक, ज्यावर मला फार बोलावंसं वाटतं पण थोडक्यात सांगतो. पुरुषाचं शिष्यत्व खरं आहे की नाही याचा दाखला गटात मिळत नाही, घरात मिळतो. तीमथ्याला लिहिताना पौल मंडळीचा अध्यक्ष कसा असावा ते सांगतो, त्यात स्वतःचं घर नीट चालवणारा हे येतं. आमच्यातला एक जण पूर्वी घरात पाण्याचा तांब्याही उचलत नसे. मार्काच्या दहाव्या अध्यायावर, मोठा होऊ पाहील त्यानं सेवक व्हावं यावर बोलणं झालं, आणि त्यानं आठवड्याचं काम ठरवलं की सकाळचा चहा तो करील. त्याची बायको पहिल्या दिवशी घाबरली, काहीतरी वाईट बातमी आहे असं तिला वाटलं. आता महिने झाले, चहा तोच करतो. गेल्या पावसाळ्यात तिनं काकांना वाटेत थांबवून सलाम केला आणि एवढंच म्हणाली, ‘गुरुवार चुकवू देऊ नका त्यांना.’

आमचं मार्काचं वाचन यंदा ख्रिस्तजयंतीपूर्वी पुन्हा एकदा संपेल. पौलानं तीमथ्याला सांगितलं होतं की माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ते आणखी दुसऱ्यांना शिकवतील. त्याप्रमाणं जानेवारीपासून आमच्यातले दोघे आपापला गट धरणार आहेत. फाउंड्रीतल्यानं त्याच्या पाळीतले दोघं हेरलेत. त्यांचा जेवणाच्या सुट्टीत बसायचा विचार आहे. पुण्याला नोकरी लागलेला धाकटा तिथल्या खोलीतल्या पोरांबरोबर सुरू करणार, इंग्रजीत वाचून मराठीत बोलणार, आणि दर गुरुवारी काकांना फोन करणार. मंगळसूत्र सोडवून आणलेला भाऊ अजून नको म्हणतो. काकांनी त्याला मार्चपर्यंत वेळ दिलाय, तोवर त्याला आपल्याबरोबर खानापूरकडच्या घरभेटींना मागच्या सीटवर बसवून नेतात.